‘यात मी कुठे आहे?’

१५ ऑगस्टसाठी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर ‘विविधतेत एकता’ असं पोस्टर लावायचं ठरलं आणि हात जरा बरा म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. बाहेर खंडाळ्याचा पाऊस, सबमिशनला वेळ. फेटा, पगडी, लुंगी, भांगडा... तासाभरात देश तयार! शेजारच्या खोलीतला मणिपूरचा मित्र बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "यात मी कुठे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ड्रॉइंगच्या सरांना सांगितलं, तर त्यांनी राजा रविवर्मांचं एक चित्र दाखवलं. नाव ‘गॅलेक्सी ऑफ म्युझिशियन्स’. १८८९ च्या सुमारास म्हैसूरच्या महाराजांसाठी काढलेलं. वेगवेगळ्या प्रांतांच्या अकरा स्त्रिया एकत्र जमल्या आहेत. नकाशा नाही, झेंडा नाही. नेसणं, दागिने, केस, वाद्य हीच प्रत्येकीची ओळख. वीणा घेतलेली केरळची नायर स्त्री आहे, मुसलमान स्त्री आहे, मागे पाश्चात्त्य टोपीवालीही आहे. काँग्रेस स्थापन होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती! पुढे १९०५ मध्ये अवनींद्रनाथ टागोरांनी ‘भारतमाता’ काढली. तिथे एकाच स्त्रीच्या चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, जपमाळ आणि शुभ्र वस्त्र. म्हणजे ज्ञान, अन्न, श्रद्धा आणि वस्त्र. देश एकच, दाखवायच्या रीती दोन.

मित्रांनो, लोहगडच्या ट्रेकला आपण मळवलीला उतरतो ना? रविवर्मांचा छापखाना तिथेच होता. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला आला, मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. आजीच्या देवघरातली लक्ष्मी, सरस्वती अशाच छापखान्यांतून घरोघरी पोचली. १९७२ मध्ये आगीत तो जळाला.

तंत्र आपल्या कामाचं आहे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं. दगड ओला केला की तेलकट शाई फक्त रेघांवर चिकटते, ओल्या भागावर नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद केसभर सरकला तरी चित्र बिघडलं!

परत त्या अकरा जणींकडे पाहिलं. सगळ्या शेजारी शेजारी आहेत, पण एकमेकींशी बोलताना दिसत नाहीत. प्रत्येकीचा वेश चित्रकाराने ठरवलेला. मीही तेच केलं होतं. कुणाला न विचारता त्याची खूण ठरवून टाकली होती.

पोस्टर पुन्हा काढायला घेतलं. मित्राला विचारलं, "तुझ्याकडचं काय काढू?" मला वाटलं नाच-बिच सांगेल.

तो म्हणाला, "फुटबॉल काढ!"

मग बाकीच्या खोल्यांची दारंही वाजवली.