तुर्कीच्या एफ-१६ विमानांचं अपग्रेड अमेरिकेत का अडकलं होतं? शस्त्रविक्रीवर खरी नजर कुणाची असते?

२३ जानेवारी २०२४. तुर्कीच्या संसदेने स्वीडनच्या नेटो प्रवेशाला मंजुरी दिली.

तीनच दिवसांनी, २६ जानेवारीला, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एक मोठा प्रस्ताव तिथल्या संसदेला अधिकृतपणे कळवला. तुर्कीला ४० नवी एफ-१६ लढाऊ विमानं विकायची आणि तुर्कीकडे आधीपासून असलेल्या ७९ एफ-१६ विमानांचं आधुनिकीकरण करून द्यायचं. अंदाजे किंमत होती २३ अब्ज डॉलर.

तुर्कीने ही मागणी केली होती ऑक्टोबर २०२१ मध्ये. सव्वादोन वर्षं जागची न हललेली फाइल तीन दिवसांत मार्गी लागली.

तुर्की १९५२ पासून नेटोचा सदस्य आहे. एफ-१६ विमानं तो १९८७ पासून वापरतोय आणि त्यातली बहुतेक विमानं तुर्कीतच जोडली गेली आहेत. मग इतक्या जुन्या मित्राने आपल्याच विमानांचं अपग्रेड मागितलं, तर त्यावर अमेरिकेत एवढी वर्षं काथ्याकूट का झाला? आणि फाइल नेमकी कुणी अडवली होती? समजून घेऊया.

(अमेरिकेच्या संसदेला 'काँग्रेस' म्हणतात. आपल्याकडच्या पक्षाशी गोंधळ नको, म्हणून या लेखात 'संसद' असंच म्हटलं आहे.)

विमान तुर्कीचं, मग परवानगी अमेरिकेची का?

आपण गाडी विकत घेतली की ती आपली. तिला कुठलं म्युझिक सिस्टिम लावायचं आणि ती पुढे कुणाला विकायची, हे कंपनीला विचारावं लागत नाही.

लढाऊ विमानाचं तसं नसतं. अमेरिकेने विकलेलं विमान तिसऱ्या देशाला द्यायचं असेल, तर अमेरिकन सरकारची लेखी परवानगी लागते. त्याचे सुटे भाग, रडार, मिशन कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर यांच्यावरही अमेरिकेचं नियंत्रण असतं. शस्त्रं ठरलेल्या कामासाठीच वापरली जातायत ना, हे विक्रीनंतरही तपासलं जातं.

आणि 'अपग्रेड' हा शब्द वाटतो तितका साधा नाही. सांगाडा जुनाच राहतो, पण नवं रडार, नवा कॉम्प्युटर आणि नवी डेटा लिंक बसली की विमान जास्त लांबचं पाहू शकतं आणि इतर विमानांशी माहितीची देवाणघेवाण करू शकतं. लढाईत ते जवळपास नवंच विमान ठरतं.

तुर्कीच्या शेजारी ग्रीस आहे. तोही नेटोचाच सदस्य. एजियन समुद्रावरच्या हवाई हद्दीवरून दोघांचा जुना वाद आहे. त्यामुळे तुर्कीची विमानं सुधारली की त्याची पहिली चिंता अथेन्समध्ये सुरू होते.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत १९७६ चा शस्त्रनिर्यात नियंत्रण कायदा आहे. त्यानुसार सरकार ते सरकार होणाऱ्या विक्रीचा प्रवास साधारण असा असतो.

१. खरेदीदार देश औपचारिक मागणी करतो.

२. परराष्ट्र खातं आणि संरक्षण खातं तिची छाननी करतात. विक्री करायची की नाही, हा धोरणात्मक निर्णय परराष्ट्र खात्याचा.

३. रक्कम ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर संसदेला अधिकृत सूचना द्यावी लागते. तुर्कीची सूचना गेली तेव्हा नेटो देशांसाठी ही मर्यादा मुख्य लष्करी सामग्रीला अडीच कोटी डॉलर आणि एकूण सामग्री व सेवांना १० कोटी डॉलर होती.

४. सूचना दिल्यावर नेटो देश आणि काही जवळच्या मित्रांसाठी १५ दिवस, बाकीच्या देशांसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

५. या काळात संसद विक्री रोखणारा ठराव आणू शकते. तसं झालं नाही, तर सरकार खरेदीदाराला कराराचा प्रस्ताव देऊ शकतं.

म्हणजे या कायद्यात संसदेने 'हो' म्हणायची गरजच नाही. ती गप्प राहिली तरी व्यवहार पुढे जातो.

मग संसद विक्री थांबवू शकते का?

कागदावर थांबवू शकते. प्रत्यक्षात, अशा ठरावाने आजवर एकही विक्री कायमची रोखता आलेली नाही.

कारण सोपं आहे. ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावा लागतो. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष त्यावर नकाराधिकार वापरू शकतात. तो मोडून काढायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. १९८६ मध्ये सौदी अरेबियाला क्षेपणास्त्रं विकण्याच्या विरोधात संसद उभी राहिली होती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला आणि तो मोडायला सिनेटमध्ये एक मत कमी पडलं. २०१९ मध्ये सौदी आणि संयुक्त अरब अमिरातीच्या विक्रीविरोधातले तीन ठराव मंजूर झाले, पण तिन्ही ट्रम्प यांनी फेटाळले.

शिवाय 'आणीबाणी' असल्याचं जाहीर करून सरकार हा थांबण्याचा काळही टाळू शकतं. डिसेंबर २०२३ मध्ये बायडन सरकारने इस्रायलला रणगाड्यांचे सुमारे १४ हजार गोळे असेच दिले.

तुर्कीच्या बाबतीतही सिनेटर रँड पॉल यांनी ठराव आणला होता. २९ फेब्रुवारी २०२४ ला तो १३ विरुद्ध ७९ मतांनी पडला.

मग सव्वादोन वर्षं फाइल कुणी अडवली?

त्याचं उत्तर कायद्यात नाही, प्रथेत आहे.

अधिकृत सूचना पाठवण्याआधी परराष्ट्र खातं तो प्रस्ताव अनौपचारिकपणे चार जणांना दाखवतं. सिनेट आणि प्रतिनिधीगृह या दोन्हींच्या परराष्ट्र समित्यांचे अध्यक्ष आणि त्याच समित्यांमधले विरोधी बाजूचे प्रमुख. या चौघांपैकी एकाने जरी 'थांबा' म्हटलं, तरी सरकार सहसा सूचना पाठवत नाही. सूचनाच गेली नाही, तर १५ दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही.

तुर्कीच्या प्रस्तावाला सर्वात ठाम विरोध होता सिनेटच्या परराष्ट्र समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब मेनेंडेझ यांचा. तुर्कीतल्या मानवी हक्कांची स्थिती आणि ग्रीसच्या हद्दीवरून होणारी उड्डाणं ही त्यांची कारणं होती. इतर काही नेत्यांची अट स्वीडनची होती. त्यात रशियाच्या एस-४०० यंत्रणेचा राग होताच. २०१९ मध्ये तुर्कीने ती घेतली म्हणून अमेरिकेने त्याला एफ-३५ विमानांच्या कार्यक्रमातून बाहेर काढलं होतं.

मधल्या काळात एक छोटं पॅकेज मात्र सुटलं. मार्च २०२३ च्या अखेरीस तुर्कीने फिनलंडच्या नेटो प्रवेशाला मान्यता दिली. एप्रिलमध्ये एफ-१६ च्या सॉफ्टवेअर आणि डेटा लिंकच्या २५ कोटी ९० लाख डॉलरच्या अपग्रेडची सूचना संसदेत पोहोचली. विमान जमिनीवर आदळण्यापासून आपोआप वाचवणारी यंत्रणाही त्यात होती.

आणि नजर ठेवणाऱ्यावर नजर कुणाची?

या गोष्टीतला सर्वात अस्वस्थ करणारा भाग इथे सुरू होतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचे आरोप ठेवले गेले आणि त्यांना समितीचं अध्यक्षपद सोडावं लागलं. हे प्रकरण तुर्कीचं नव्हतं, इजिप्तचं होतं. पण आरोपांच्या केंद्रस्थानी होती त्याच खुर्चीची ताकद. लाच घेऊन इजिप्त सरकारच्या फायद्यासाठी पदाचा वापर केल्याचा आरोप होता आणि त्यात इजिप्तला मिळणाऱ्या लष्करी मदतीचाही समावेश होता. जुलै २०२४ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे ज्या पदाच्या एका 'थांबा'ने एका देशाचं लढाऊ दल वर्षानुवर्षं ताटकळतं, त्याच पदाचा गैरवापर दुसऱ्या देशासाठी झाल्याचं न्यायालयात सिद्ध झालं. अनौपचारिक पद्धतीचा हाच धोका आहे. तिथे मतदान होत नाही आणि लेखी कारण देण्याचं बंधनही नसतं.

मेनेंडेझ यांच्या जागी बेन कार्डिन आले. स्वीडनला मान्यता मिळाल्यावर त्यांनीही होकार दिला. त्याच दिवशी ग्रीसला ४० पर्यंत एफ-३५ विमानं विकण्याची ८.६ अब्ज डॉलरची सूचनाही निघाली. तुर्कीच्या हातात काही पडणार असेल, तर ग्रीसचं ताटही रिकामं राहायला नको, असा तो हिशोब होता.

शेवटी अपग्रेड झालं का?

जून २०२४ मध्ये तुर्कीने करार केला. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये संरक्षणमंत्री याशार गुलेर यांनी सांगितलं की ७९ विमानांची आधुनिकीकरणाची किट आता नको, ते काम देशातच केलं जाईल. २३ अब्जांचा व्यवहार सुमारे ७ अब्जांवर आला.

ताटकळत ठेवण्याची ही दुसरी बाजू. सायप्रसवरच्या कारवाईनंतर अमेरिकेच्या संसदेने १९७५ मध्ये तुर्कीवर शस्त्रबंदी घातली होती. ती १९७८ मध्ये उठली, पण स्वतःचा संरक्षण उद्योग उभारायला हवा हा धडा तुर्कीने तेव्हाच घेतला.

याचा भारताशी काय संबंध?

थेट संबंध आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिस्तानच्या एफ-१६ विमानांच्या देखभालीसाठी ४५ कोटी डॉलरच्या पॅकेजची सूचना याच कायद्याखाली गेली. त्यात नवी क्षमता किंवा शस्त्रं नाहीत, असं अमेरिकेने म्हटलं. भारताने जाहीर नाराजी व्यक्त केली, पण विक्री थांबली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये पाकिस्तानच्याच एफ-१६ साठी ६८ कोटी ६० लाख डॉलरच्या अपग्रेडची सूचना गेली.

भारत स्वतःही या रांगेत उभा राहिला आहे. ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा सुमारे ४ अब्ज डॉलरचा प्रस्ताव कार्डिन यांनी काही महिने रोखला होता. अमेरिकेच्या भूमीवर एका शीख फुटीरतावादी नेत्याच्या हत्येच्या कथित कटाचा पूर्ण तपास व्हावा, ही त्यांची मागणी होती. बायडन सरकारशी चर्चा झाल्यावर त्यांनी मान्यता दिली आणि १ फेब्रुवारी २०२४ ला सूचना निघाली.

त्यामुळे पुढच्या वेळी 'अमेरिकेने विक्रीला मंजुरी दिली' अशी बातमी तुमच्या फीडमध्ये आली, की दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ही बहुतेक वेळा संसदेला दिलेली सूचना असते, झालेला करार नव्हे. त्यातली रक्कमही कमाल अंदाजाची असते. दुसरी, विक्रीवरची खरी घासाघीस ही बातमी येण्याआधीच, बंद दाराआड झालेली असते.