पुस्तक तेच, रूप वेगळे

पुस्तक वाचण्यासाठी काय काय लागते? वर्गात विचारले तर 'डोळे आणि अक्षरओळख' असे उत्तर चटकन मिळेल. पण यादी एवढ्यावर संपत नाही. पुस्तक हातात धरता यावे लागते, पान उलटता यावे लागते, नजर ओळीवर स्थिर ठेवता यावी लागते. यांपैकी एक गोष्ट जरी जमत नसेल, तरी छापील पुस्तक त्या वाचकाला बंदच राहते. त्याची जिज्ञासा शाबूत असते; अडचण असते ती पुस्तकाच्या रूपाची. हे रूप बदलून देणे हे ग्रंथालयाचे काम आहे.

पहिला मार्ग बोटांचा. ब्रेल लिपीत प्रत्येक अक्षरासाठी सहा टिंबांची जागा असते. प्रत्येक टिंब उठावाचे असेल किंवा नसेल; म्हणून २×२×२×२×२×२ = ६४ रचना होतात. कोरी रचना सोडली तर ६३ उरतात. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल ठरली. तिच्यात 'क' म्हणजे पहिले व तिसरे टिंब. 'कि' लिहिताना आधी 'क' व मग 'इ' येते. छपाईतली वेलांटी मात्र 'क'च्या आधी असते. म्हणजे ब्रेल उच्चाराच्या क्रमाने चालते. तिची अडचण जागेची. बोटाला कळावे म्हणून टिंबे मोठी लागतात, कागद जाड लागतो आणि एका पुस्तकाचे अनेक खंड होतात. शिवाय उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ही लिपी नव्याने शिकणे जड जाते.

दुसरा मार्ग कानांचा. अमेरिकेत १९३१ च्या कायद्याने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे अंध प्रौढांसाठी पुस्तके पुरवण्याचे काम आले. १९३४ मध्ये तेथे 'बोलकी पुस्तके' सुरू झाली. त्या काळची बारा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला चार-पाच मिनिटेच वाजे. साठ हजार शब्दांचे पुस्तक मिनिटाला १५० शब्दांच्या गतीने वाचायला ४०० मिनिटे लागतात. म्हणजे एका पुस्तकाला चाळीसहून अधिक तबकड्या! म्हणून वेग ३३⅓ फेऱ्यांवर आणला. त्याने वेळ २.३४ पट झाला. उरलेला फायदा चर जवळजवळ कोरल्याने मिळाला. एका बाजूला सुमारे पंधरा मिनिटे मावू लागली आणि तेच पुस्तक चौदा तबकड्यांत बसले. संगीतासाठी अशा दीर्घ तबकड्या बाजारात रुळू लागल्या त्या १९४८ पासून. अंध वाचकांची गरज चौदा वर्षे पुढे होती.

पुढे कॅसेट आली. नेहमीच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटची गती निम्मी केली, की १८० मिनिटे होतात. दोन बाजूंऐवजी फितीवर चार स्वतंत्र ट्रॅक घेतले, की ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास! गती कमी केल्याने उंच पट्टीचे स्वर नीट उमटत नाहीत. पण माणसाच्या बोलण्याला एवढे पुरते. अशी कॅसेट साध्या यंत्रावर वाजत नसे, म्हणून यंत्रही ग्रंथालयच उसने देई. २००९ पासून तेथे अंकीय पुस्तके आली. त्यांत हव्या त्या प्रकरणावर थेट जाता येते. फीत मागे-पुढे करत बसावे लागत नाही.

या सेवेच्या इतिहासात १९६६ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या कायद्याने शारीरिक अपंगत्वामुळे छापील पुस्तक वापरू न शकणाऱ्यांनाही तिचा लाभ मिळू लागला. ज्याचे हात लुळे आहेत त्याची दृष्टी उत्तम असू शकते. पण पान उलटले नाही तर त्या दृष्टीचा उपयोग काय?

रूप बदलणे म्हणजे पुस्तकाची प्रत करणे, आणि तेथे स्वामित्वहक्क आडवा येतो. भारताने २०१२ च्या दुरुस्तीने अशा वाचकांसाठी प्रत करण्यास मुभा दिली. याच हेतूने २०१३ मध्ये माराकेश येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देशही भारतच. २०१६ मध्ये आपल्याकडे 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले.

आता आपल्या वर्गाकडे वळू. संगणकात प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक असतो. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५ आहे. असा मजकूर संगणक मोठ्याने वाचू शकतो, मोठ्या अक्षरांत दाखवू शकतो किंवा ब्रेलमध्ये उतरवू शकतो. मात्र जुन्या पद्धतीच्या अनेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक वापरून त्यांवर देवनागरी आकार चढवलेले असतात. डोळ्यांना 'कमळ' दिसते, पण संगणक भलतेच काही वाचतो. पानाच्या छायाचित्रात तर अक्षरांचे क्रमांकच नसतात. त्यातली अक्षरे ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण जोडाक्षरांत ती चुकू शकतात.

म्हणून टिपणे व प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टंकित कराव्यात. आकृतीखाली तिचे दोन वाक्यांत वर्णन द्यावे. आणि ऐकण्याची सोय झाली म्हणून ब्रेल सोडू नये: 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कानाला क्वचितच कळतो, बोटाला मात्र लगेच कळतो. एवढे केले, तर वर्गातल्या अंध विद्यार्थ्याला धडा वाचून दाखवायला कोणी मोकळे होईपर्यंत थांबावे लागणार नाही. तो स्वतःच वाचू लागेल.