अमेरिकेचा आर्थिक विकास : साधनसंपत्ती, वाहतूक व मुक्त उद्योग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची अर्थव्यवस्था एकोणिसाव्या शतकात कृषिप्रधान अवस्थेतून औद्योगिक अवस्थेत गेली. याचे श्रेय सामान्यतः विपुल नैसर्गिक साधनसंपत्ती व मुक्त उद्योगपद्धती यांना दिले जाते. तथापि जमीन व खनिजे यांना मोल आले ते वाहतुकीमुळे, आणि वाहतुकीच्या उभारणीत शासनाचा वाटा मोठा होता.

ॲपालॅचिअन पर्वतापलीकडील धान्य पूर्व किनाऱ्यावर आणणे परवडत नसे. म्हणून तेथील शेतकरी धान्याची व्हिस्की करून विकत किंवा मक्यावर डुकरे पोसून ती हाकत नेत. न्यूयॉर्क राज्याने कर्जरोखे विकून बांधलेला ईअरी कालवा (लांबी ५८४ किमी.) १८२५ मध्ये खुला झाला आणि बफालो ते न्यूयॉर्क वाहतुकीचा दर टनास सु. १०० डॉलरवरून सु. १० डॉलरवर आला.

पोलाद उद्योगाचे उदाहरण अधिक बोलके आहे. उत्तम लोहखनिज सुपीरिअर सरोवराच्या परिसरात, तर कोकसाठी योग्य असा कोळसा शेकडो किमी. दूर पेनसिल्व्हेनियात होता. सुपीरिअर व ह्यूरन सरोवरांना जोडणाऱ्या सेंट मेरीज नदीत पाण्याची पातळी सु. ६ मी. उतरते, त्यामुळे जहाजातील माल उतरवून जमिनीवरून पुढे न्यावा लागे. १८५५ मध्ये तेथे जलपाश असलेला कालवा झाला. तो खाजगी कंपनीने बांधला. पण मोबदल्यात तिला ७,५०,००० एकर सरकारी जमीन मिळाली. १८९२ पासून मेसाबी टेकड्यांतील, जवळजवळ पृष्ठभागावरच असलेले खनिज याच जलमार्गाने ईअरी सरोवराच्या बंदरांत व तेथून आगगाडीने पिट्सबर्गकडे जाऊ लागले. परतीच्या जहाजांत कोळसा भरला जाई. खाणी, जहाजे, लोहमार्ग व भट्ट्या एका व्यवस्थापनाखाली आणण्यात अँड्रू कार्नेगी यांच्या यशाचे मर्म होते. त्यांच्या पोलादाचे पहिले मोठे गिऱ्हाईक रेल्वे कंपन्याच होत्या.

या रेल्वे कंपन्यांना संघशासनाने एकूण सु. ५ कोटी हे. जमीन दिली. १८६९ मध्ये यूटातील प्रॉमंटरी येथे रूळ जुळून पूर्वेकडील लोहमार्गांचे जाळे कॅलिफोर्नियाशी जोडले गेले. दिलेली जमीन निर्जन मात्र नव्हती. तेथील इंडियन जमातींना हुसकावून राखीव प्रदेशांत कोंडण्यात आले. मुक्त उद्योगाच्या प्रशंसापर वर्णनांत हा हिशेब क्वचितच आढळतो. दक्षिणेतील कापूसही यादवी युद्धापर्यंत (१८६१–६५) गुलामांच्या श्रमावर पिके. युद्धात त्याची निर्यात अडली, तेव्हा मुंबईच्या कापूस व्यापारात तेजी आली आणि १८६५ मध्ये ती कोसळली.

संविधानाने राज्याराज्यांतील जकाती रोखल्यामुळे उद्योजकांना एकसंध बाजारपेठ लाभली होती. पण लोहमार्ग पसरल्यावर तिच्या नाड्या थोड्या कंपन्यांच्या हाती गेल्या. मोठ्या शहरांदरम्यान अनेक मार्गांची स्पर्धा असल्याने दर कमी असत. एकच मार्ग असलेल्या लहान स्थानकावरील शेतकऱ्याला मात्र कमी अंतरासाठी जास्त भाडे पडे. याउलट स्टँडर्ड ऑईलसारख्या बड्या कंपन्यांना गुप्त सवलती मिळत. शेतकऱ्यांच्या चळवळीनंतर १८८७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोग स्थापन झाला. १८९० मध्ये शेर्मन कायदा झाला व त्याच कायद्याखाली १९११ मध्ये स्टँडर्ड ऑईलचे विभाजन झाले. पुढे मालमोटारींच्या स्पर्धेपुढे रेल्वे दुबळ्या झाल्या. १९८० मध्ये त्यांच्या दरांवरील बरीच बंधने उठविण्यात आली व १९९५ च्या अखेरीस कायद्याने आयोग रद्द करून त्याची उरलेली कामे नव्या मंडळाकडे सोपविण्यात आली.