हट्ट्याचं ताट : भुकेपासून साखरेपर्यंत

बालाघाटहून गोंदियाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर हट्टा रोड हे छोटं स्टेशन आहे. गावाची ओळख जुन्या, अनेक मजली बावलीची. ती पाहायला लोक लांबून येतात. पण गेल्या शतकभरात या भागात सगळ्यात मोठा बदल झाला तो घराघरांतल्या ताटात, आणि त्याची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही. एके काळी ‘शुगर’ हा शहरातल्या शेठजींचा रोग मानला जाई. आता मजुरीला जाणाऱ्या घरातल्या शेलाट्या माणसालाही शुगर निघते आणि घरचे बुचकळ्यात पडतात. हा जाड नाही, गोडाचा शौकीन नाही, मग याला कशी? याचं उत्तर त्या एका माणसाच्या खाण्यात पुरतं सापडत नाही. त्यासाठी आजा-पणजाच्या ताटापर्यंत मागे जावं लागतं.

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग जोडून झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातला सखल पट्टा धानाचा, वरचं पठार जंगलाचं. पावसावर एकच मोठं पीक. पाऊस हुकला की वर्ष हुकलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत अक्षरशः सोलून काढला आणि त्यात बालाघाट फार वाईट भरडला गेला. त्या दुष्काळांतून वाचलेल्यांची नातवंडं-पतवंडं म्हणजे आजचे आम्ही. शुगरची गोष्ट तिथून सुरू होते, असं माझं ठाम मत आहे. पुढे विज्ञानाने जे दाखवलं तेही त्याच दिशेचं आहे.

चांगल्या सालात ताटात काय असे? ढेकीवर कांडलेला जाडा तांदूळ, कोंड्याचा लालसर पापुद्रा अंगावर राहिलेला. सकाळी पेज किंवा रात्रीचा पाण्यात भिजवलेला बासी भात. पठारावर बैहरकडे कोदो-कुटकी. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विनच्या १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात तिथल्या बैगा आदिवासींच्या जगाचं तपशीलवार वर्णन आहे. खाली आमच्या बांध्यांत धान उभं असतानाच ओल्या चिखलात लाखोळी फेकायची, तिला उतेरा म्हणतात. धान कापलं की त्याच ओलीवर लाखोळी आणि जवस यायचं. डाळ लाखोळीची, चटणी जवसाची. पावसाळ्यात तरोटा, केना, कुरडू, कुड्याची फुलं. तळ्या-बोड्यांतली मासोळी, झिंगे. उन्हाळ्यात मोहफुलं.

आणि हे अन्न अंगमेहनतीशिवाय तोंडात पडत नसे. चिखलणी, पऱ्हे उपटणं, कंबर वाकवून दिवसभर रोवणा, निंदण, कापणी, भारे वाहणं, बैलांमागे फिरून चुरणं. त्यानंतर ढेकीवर कांडण, आणि तेही बायांच्याच वाट्याला.

त्या काळाचं गुणगान मात्र मला करायचं नाही. लाखोळीचंच पाहा. थोडी, इतर धान्याबरोबर खाल्ली तर ती प्रथिनांची स्वस्त खाण. पण दुष्काळात महिनोन् महिने तिच्यावरच जगावं लागलं की तिच्यातल्या विषारी अंशाने पाय लुळे पडत. रीवा-सतनाकडे अशा पांगळ्या झालेल्या शेतमजुरांची पिढीच होती. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पोटात भूक, अंगात हिवताप, दोन-तीन बाळंतपणांत खंगलेली आई, हेही त्याच जुन्या ताटाचं चित्र आहे. ‘पूर्वीचे लोक शुगरशिवाय जगले’ असं म्हणताना त्यांतले किती जण साठी पाहू शकले, हे विचारायला हवं.

मग एकेक गोष्ट बदलत गेली. आधी ढेकी गेली, हलर आलं, नंतर मोठ्या राइस मिल. गोंदिया आणि वारासिवनी या गिरण्यांवरच वाढली. बायांच्या पाठीवरचं ओझं उतरलं, हे चांगलंच झालं. पण पांढराशुभ्र तांदूळ हीच प्रतिष्ठा ठरली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात निवडून काढलेलं एचएमटी हे बारीक धान विदर्भ ओलांडून आमच्याही बाजारात आलं. दादाजींच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. दोष वाणाचा नाही, दाणा घासून घासून चमकवण्याचा आहे. आमच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोही सुगंधी तांदूळ कमी घासून खाता येतो. कोंडा आणि कोंब निघून गेले की तंतू, बी-१, मॅग्नेशियम निघून जातं आणि उरतो तो स्टार्च. तो लवकर पचतो आणि रक्तातली साखर झपाट्याने चढवतो.

पुढे रेशन आलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला, कोविडनंतर ते धान्य फुकट झालं. याला नाकं मुरडणाऱ्यांनी १८९७ आठवावं. या धान्याने भूक हटवली. पण त्यात डाळ नव्हती, तेलबिया नव्हत्या, भाजी नव्हती. पोट भाताने भरलं आणि लाखोळी, जवस, तरोटा कडेला पडले. त्याच सुमारास ट्रॅक्टर, हार्वेस्टर, मोटारसायकल आल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत महाराष्ट्रासह चार प्रदेशांत खेड्यांतले निम्मे लोक पुरेशी शारीरिक हालचाल न करणारे निघाले. खेड्यातले! भाताचा ढीग तोच राहिला, त्याला जाळणारी मेहनत तेवढी संपली. वर दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि बिस्किटं.

इथवर वाचून वाटेल की हिशेब सरळ आहे, जास्त खाल्लं आणि कमी हललो. पण मग शेलाट्या माणसाचं काय? त्याचं उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांतून आलं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये तिथल्या स्त्रियांचा गरोदरपणाच्या आधीपासून अभ्यास सुरू केला, आणि त्यांच्या मुलांचा मागोवा पुढे अनेक वर्षं घेतला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांहून तब्बल ८०० ग्रॅमने हलकी. पण हलकेपणा स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होता. चरबी त्या मानाने राखलेली होती. बारीक दिसणारं, तरी आतून चरबीचं बाळ. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच: २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

आम्हा हट्टेकरांना हा फोटो शाळेतच दाखवायला हवा. जेवणातली साखर साठवण्याची मोठी जागा म्हणजे स्नायू. स्नायूच कमी असतील तर कोठार लहान. कोठार भरलं की जादा साखरेची यकृतात चरबी होते, यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात, स्वादुपिंड जोर लावत राहतं आणि एक दिवस थकतं. वजनकाटा तोवर ५५ किलोच दाखवत असतो. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी घडलेलं लहान कोठार, आणि त्यावर तीन वेळा पॉलिश भाताचा डोंगर: आमच्या भागातला आजार असा उभा राहिला आहे.

पुण्याजवळच्या त्या अभ्यासातली दोन निरीक्षणं मला सर्वांत मोलाची वाटतात. २००१ मध्ये दिसलं की गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या आणि फळं अधिक वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. २००८ मध्ये दिसलं की ज्या आयांना बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण होती. बी-१२ दूध, अंडी, मासे यांतून येतं. म्हणजे तरोट्याची भाजी आणि बोडीतली मासोळी सुनेच्या ताटातून गेली, तेव्हा नातवाच्या तब्येतीतूनही काही गेलं.

शहरात याच सुमारास वजन घटवण्याची चळवळ उभी राहिली. काटोलजवळच्या आजनगावचे डॉ. श्रीकांत जिचकार वारंवार खाण्याने वारंवार इन्सुलिन पाझरतं, म्हणून दोनदाच खा, असं व्याख्यानांतून सांगत. २००४ मध्ये अपघातात ते गेले. त्यांचा धागा डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे घेतला: दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं दर दोन तासांनी खा म्हणत होत्या. २०१८-१९ मध्ये मराठी घरांत यावरून दोन तट पडले. दीक्षितांनी लाखो लोकांना कंबर आणि साखर मोजायला लावली, फुकट मार्गदर्शन दिलं, हे मोठं काम आहे. दिवेकरांनी तूप-भाताची लाज घालवली, तेही खरं. पण २०२२ मध्ये चीनमधल्या एका चाचणीत, तेवढ्याच कॅलरी घेतल्यावर खाण्याची वेळ आखडल्याने वजनात वेगळा फायदा दिसला नाही. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असलेल्याने डॉक्टरांना न विचारता जेवण गाळणं धोक्याचं आहे. रोवण्याच्या दिवसांत बांधीत राबणाऱ्या बाईला तर हा वाद लागूच नव्हता. तिचा प्रश्न भाताबरोबर काय, हा होता.

त्याबद्दल पुरावा आता स्पष्ट आहे. २०२३ च्या इंडियाब अहवालात देशात मधुमेह ११.४ टक्के आणि उंबरठ्यावरचे १५.३ टक्के. पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के, म्हणजे बीएमआयवरून मोजलेल्या लठ्ठपणाच्या २८.६ टक्क्यांहून कितीतरी जास्त. २०२५ मध्ये याच पाहणीने सांगितलं की आपल्या ६२ टक्के कॅलरी पिष्टान्नातून येतात, आणि एकूण कॅलरींपैकी फक्त ५ टक्के पिष्टान्नाऐवजी प्रथिनांतून घेतल्या तरी धोका कमी दिसतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्येच दाखवलं होतं की उंबरठ्यावरच्या माणसांत आहार आणि चालण्याने मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटतं, गोळीइतकंच. भात सोडा, असं यातलं काहीही सांगत नाही. एक वाटी भात कमी, एक वाटी डाळ जास्त, भाजी ताटभर, जेवणानंतर चालणं: एवढंच.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी गावच्या आरोग्य केंद्रात शुगर आणि बीपी फुकट तपासतात. त्याआधी आशाताई घरी येऊन फॉर्म भरते आणि टेपने कंबर मोजते. बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली तर जोखीम धरली जाते, वजन कितीही कमी असो. आपल्याकडे अनेक घरांत ‘आम्ही काय जाड आहोत का’ म्हणून तिला दारातूनच परत पाठवतात. कृपा करून तसं करू नका. तिला आत बोलवा, कंबर मोजून घ्या, आणि घरातल्या सुनेचीही तपासणी तिच्याकडून ठरवून घ्या.