कमावत शिकणाऱ्याला मदत कोठून मिळते?

गेल्या जूनमधली गोष्ट. प्रथम वर्षाचा निकाल लागला आणि पेठेतील एका कापड दुकानदाराने मला दिवसभराच्या कामाला बोलावले. पगार बरा होता. वडील बाजार समितीत हमाली करतात. त्यांची पाठ आता पूर्वीसारखी साथ देत नाही. आई म्हणाली, "बाहेरूनसुद्धा बी. ए. करता येतं म्हणे." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे "बाहेरून" म्हणजे काय आणि त्यात हातचे काय जाते, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. मी कार्यालयात, ग्रंथालयात, सरांकडे विचारत फिरलो. जे कळले ते येथे मांडतो. कारण हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. आपल्याच वर्गात पहाटे दूध घालून येणारे आहेत आणि रात्री पेट्रोल पंपावर उभे राहणारेही आहेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. शासनाची मदत बहुतांशी नियमित विद्यार्थ्याला मिळते. आपले वडीलधारे जिला 'ईबीसी' म्हणत, ती सवलत आज राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना या नावाने चालते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी ती आहे. परंतु अर्धवेळ किंवा दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला ती लागू नाही. म्हणजे मी दुकानात गेलो असतो, तर पगार सुरू झाला असता आणि फीची सवलत संपली असती. ज्याला पोटासाठी वर्ग सोडावा लागतो, त्याचीच मदत सुटते, हा या व्यवस्थेतला खरा पेच आहे.

म्हणून नियमित प्रवेश टिकवून काय काय मिळते ते पाहू. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्यासाठीही स्वतंत्र योजना आहेत. या सर्वांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. बारावीला आपल्या मंडळात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्यांसाठी केंद्र शासनाची एक शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीच्या तिन्ही वर्षी दरसाल १२,००० रुपये मिळतात. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर करायचा असतो. तीही नियमित विद्यार्थ्यांसाठीच आहे, आणि ती घेताना दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. तेव्हा आधी हिशेब करावा, मग अर्ज भरावा.

अर्जाच्या बाबतीत माझी एक चूक सांगतो. प्रथम वर्षाला माझा अर्ज परत आला, कारण उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा होता. नवा दाखला काढायला सेतू केंद्रात तीन खेपा झाल्या आणि तितक्या दिवसांची मजुरी बुडाली. तेव्हा मित्रहो, दाखला वेळेत काढा, बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे ना ते पाहा, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज विसरू नका. पैसे उशिरा येतात हे धरूनच चाला.

मग तोवर काय करावे? येथे 'कमवा व शिका' योजना उपयोगी पडते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून, शेतात राबून शिकली. १९४७ साली तेथे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही श्रमातून शिक्षण याच तत्त्वावर. पुणे विद्यापीठाची आजची योजना त्यांच्याच नावाने चालते. महाविद्यालयातच ग्रंथालय, बाग, कार्यालय अशा ठिकाणी तासावर काम मिळते आणि तास बुडत नाहीत. ती दया नव्हे, मजुरी आहे. म्हणून झाडू हातात घेताना लाजण्याचे कारण नाही.

ज्याला खरोखरच दिवसभराची नोकरी सोडता येत नाही, त्याने शिक्षण सोडू नये. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशांसाठीच आहे. तेथील पदवी कमी दर्जाची नाही. फक्त फीची तजवीज आपण करायची, हे ठाऊक असावे.

मी दुकानदाराला नाही म्हटले. आता पहाटे दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतो, दुपारी दोन तास ग्रंथालयात पुस्तके लावतो. पगाराच्या मानाने हे उत्पन्न निम्मेसुद्धा नाही. वडील काही बोलले नाहीत; दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर गेले. त्यांच्या त्या न बोलण्याचे ऋण माझ्यावर आहे.

एक विनंती करून थांबतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोणी प्राध्यापकांनी एक तास केवळ या माहितीसाठी द्यावा. मला ती विचारत फिरल्यावर मिळाली. जो विचारायला बुजला, तो कदाचित आज वर्गात नसेल.

— द्वितीय वर्ष, कला