ताटली आधी पालथी करा

जुनी चिनी ताटली हातात आली की तिच्यावरची फुलं मी नंतर बघते, आधी ती पालथी करते. चित्राची नक्कल बऱ्याच जणांना जमते, बुडाची क्वचितच. अठराव्या शतकात युरोपातल्या गिऱ्हाइकांसाठी घडलेल्या ताटलीच्या बुडाशी जी गोल कड असते, तिच्यावर झिलई नसते. झिलई जिथे संपते तिथे पुष्कळदा तांबूस-नारिंगी रेघ दिसते. ते मातीतलं लोह, भट्टीच्या आचेने रंग धरलेलं. शिक्का नसला तर बिचकू नये, निर्यातीच्या मालावर तो बहुधा नसेच. उलट रोमन लिपीत ‘चायना’ छापलेलं असेल, तर ताटली बहुधा मालावर देशाचं नाव सक्तीचं करणाऱ्या 1890 च्या अमेरिकी जकात कायद्यानंतरची.

मग ती खिडकीपाशी तिरकी धरायची. निळा रंग कोबाल्टचा. चीनमधल्या जिंगदेजेन या चिनी मातीच्या गावच्या कारागिरांनी तो कच्च्या मातीवर लावून वर झिलई चढवली आणि सुमारे 1300 अंशांवर भाजला, म्हणून तो झिलईच्या आत दिसतो. गुलाबी मात्र झिलईवर बसतो, बोटाला किंचित उंच लागतो. त्यात सोन्याचा अंश असतो. हे वरचे रंग अनेकदा दक्षिण चीनमधल्या कँटन बंदरात, युरोपीय वखारींच्या जवळ, पुन्हा मंद आचेवर पक्के होत. त्या कँटनशी मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा कापूस-अफूचा मोठा व्यवहार होता, त्यामुळे अशी ताटली आपल्याकडच्या घरातही निघू शकते.

ताटलीवर सुरीचे ओरखडे असले तर मला आनंदच होतो, ती खरोखर वापरात होती याची ती खूण. खरे ओरखडे वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ असतात.

शेवटी ती बोटांच्या टोकांवर तोलून हलकी टिचकी मारायची. अखंड ताटली खणखणीत वाजते, तडा असेल तर बद्द. लपवलेली दुरुस्ती अतिनील टॉर्चखाली बहुतेकदा वेगळी चमकते. जुन्या काळी फुटलेले तुकडे धातूचे टाके घालून जोडत. रंग फासून नवी केलेल्या ताटलीपेक्षा अशी टाके दिसणारी ताटली मी केव्हाही पसंत करीन. तिची किंमत कमी येते, पण ती काहीही लपवत नाही, आणि शिकण्यासाठी तिच्याइतकी चांगली वस्तू नाही.

तुमच्या घरी अशी एखादी असेल, तर तिला ब्लीचमध्ये बुडवू नका, स्प्रिंगच्या तारेत अडकवून भिंतीवर टांगू नका. त्या तारेने कडेचे टवके उडतात. आणि विकण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा.