आधी पाणी, मग पंप

शेलूबाजारात कुणी फिरते वॉशिंग सेंटर काढायचे मनावर घेतले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘भाऊ, पंप किती किलोचा घेऊ?’ किलो म्हणजे दाब. एका चौरस सेंटिमीटरवर किती किलोचा जोर, ते गेजवर दिसते आणि दुकानदार तेवढाच आकडा सांगतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा आहे. पाणी कुठून भरणार, हा पहिला. गाडी त्यातले किती वाहून नेणार, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरे हातात नसताना पंप घेतला, तर तो बहुतेक चुकीचाच निघतो. काही उत्साही मंडळी तर याच्याही आधी काचेवर कोणते नाव टाकायचे ते ठरवून मोकळी होतात.

जागा मात्र धंद्याला बरी आहे. मंगरूळपीर तालुक्यातले हे गाव. अकोला-मंगरूळपीर रस्ता आणि कारंजाहून मालेगावकडे जाणारा जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता इथे एकमेकांना छेदतात. मंगरूळपीर बाजार समितीचा उपबाजार इथे भरतो, त्यामुळे सोयाबीनच्या भावाच्या यादीत ‘मंगरूळपीर-शेलूबाजार’ अशी वेगळी ओळ असते. त्यात समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा जोडला जाऊन पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला.

समृद्धीवर हजारो गाड्या धावतात म्हणून धुण्याचे काम तिथे मिळेल, या भरवशावर कुणी राहू नये. त्या रस्त्यावर मध्येच थांबायला मनाई आहे. गाव-रस्त्यावरच्या कार आणि दुचाक्या रॅम्प असलेल्या वॉशिंग सेंटरवर जातात आणि जात राहतील. फिरत्या गाडीचे गिऱ्हाईक म्हणजे जे जागचे हलत नाही किंवा हलवणे परवडत नाही ते. शेतात उभे असलेले हार्वेस्टर, सोयाबीनच्या भुसकटाने माखलेला हडंबा (मळणी यंत्र), चिखलाने जड झालेला रोटाव्हेटर, कोंबड्यांचे शेड, गोठा, मंगल कार्यालयाचे अंगण, ढाब्याची फरशी. सोयाबीनची सोंगणी आणि दसरा पाठोपाठ येतात. दसऱ्याला गाडीची पूजा करायची तर ती आधी धुवावी लागते. वर्षाची निम्मी कमाई बहुधा त्याच दिवसांत होणार, असे धरून चालावे.

आता पाणी. वाशीम जिल्ह्याच्या काळ्या पाषाणात बोअरला लागलेले पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. वाळल्यावर काचेवर पांढरे ठिपके उमटतात आणि मालक पैसे देताना नेमके त्याच ठिपक्यांवर बोट ठेवतो. विहिरीचे किंवा शेततळ्याचे पाणी त्या मानाने हलके असले तरी गाळ आणि शेवाळ घेऊन येते. हा गाळ पंपात गेला की सील कापतो. त्यावरचा उपाय शेतकऱ्याच्या घरातच असतो : ठिबकचा डिस्क फिल्टर. १२० मेशचा फिल्टर टाकी आणि पंप यांच्यामध्ये बसवावा आणि रोज उघडून धुवावा. टाकीच्या तोंडाला जाळी हवी ती वेगळी. उन्हाळ्यात, प्यायच्या पाण्याला टँकर लागत असताना, कुणाच्या दारात जेटने अंगण धुणे लोकांना खपणार नाही आणि खपूही नये. म्हणून हप्ता आठ-नऊ महिन्यांच्या कमाईवर बसवावा, बारा महिन्यांच्या नव्हे.

हजार लिटर पाण्याचे वजन एक टन. हे चौथीच्या पोराला ठाऊक असते आणि गाडी घेणाऱ्याला आठवत नाही. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये बाजारात आला. त्याच्या बहुतेक मॉडेलची भारक्षमता पाऊण टनाच्या आसपास आहे. त्यात पाचशे लिटरची टाकी भरली की पाचशे किलो तिथेच गेले. इंजिन, पंप आणि त्यांचा लोखंडी सांगाडा मिळून शंभर-सव्वाशे. पाइप आणि त्याची रीळ तीस-चाळीस. साबण, पेट्रोलचा कॅन, पाने, शिडी हे आणखी तेवढेच. वर सोबतीचा एक माणूस. हत्ती भरला. हजार लिटर न्यायचे असेल तर बोलेरो पिकअपच्या वर्गातली, सव्वा टनाहून जास्त वाहणारी गाडीच लागते. आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी केल्याशिवाय टाकी घेऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २० हजार रुपये दंड आहे, शिवाय जादाच्या प्रत्येक टनामागे दोन हजार. पण दंडापेक्षा ब्रेकची काळजी मोठी. अर्धी भरलेली टाकी वळणावर भरलेल्या टाकीपेक्षा जास्त त्रास देते, कारण आतले पाणी मोकळेपणी एका अंगाला धावते. म्हणून घराच्या गच्चीवरची उभी टाकी गाडीत ठेवू नये. बुटकी, आडवी, आत अडसर असलेली टाकी घ्यावी. ती केबिनच्या पाठीला टेकवून सांगाड्यात बसवावी आणि रॅचेट पट्ट्याने आवळावी. सुतळी-दोराच्या भरवशावर अर्धा टन पाणी ठेवणे धोक्याचे आहे.

पंपाकडे आता येऊ. आपल्याकडे संत्र्याच्या बागेत फवारणीला एचटीपी पंप सर्रास असतो. तीन पिस्टनचा, पट्ट्यावर चालणारा. कित्येक वॉशिंग सेंटरही त्यावरच चालतात आणि तो दणकट आहे यात शंका नाही. घरचाच पंप पिकअपवर चढवला तर खर्च वाचेल, असे वाटणे साहजिक आहे. अडचण पाण्याची येते. एचटीपी साधारण तीस-चाळीस किलो दाबाला मिनिटाला तीस-पस्तीस लिटर पाणी फेकतो. पाचशे लिटरची टाकी पंधरा-सतरा मिनिटांत कोरडी. बाजूला विहीर असलेल्या सेंटरला हे चालते, फिरत्या गाडीला नाही. दीडशे किलो दाब आणि मिनिटाला बारा लिटर देणारा जेट पंप तीच टाकी चाळीस मिनिटे पुरवतो. ट्रिगर दहा मिनिटे दाबून ट्रॅक्टर निघत असेल, तर सव्वाशे लिटरच्या आतच काम होते.

हिशेबाचे एक सूत्र वहीत लिहून ठेवण्यासारखे आहे. दाब बारमध्ये (एक बार म्हणजे जवळपास एक किलोच), पाणी मिनिटाला लिटरमध्ये, दोघांचा गुणाकार करून सहाशेने भागले की किलोवॅट मिळतात. दीडशे गुणिले बारा भागिले सहाशे, म्हणजे तीन किलोवॅट, म्हणजे चार एचपी. ही झाली नुसत्या पाण्याला लागणारी ताकद. पंपातली घट, पट्ट्याची घट, वऱ्हाडातले उन्हाळी तापमान आणि इंजिन सतत पूर्ण ताणावर चालवू नये हे सगळे धरले, तर सात-आठ एचपीचे इंजिन योग्य. ‘साडेपाच एचपी इंजिनावर दोनशे बार, पंधरा लिटर’ असे कुणी विकत असेल तर सूत्र मांडून बघावे. पाच किलोवॅट येतात, म्हणजे पावणेसात एचपी. साडेपाचाच्या इंजिनातून ते निघणार कसे?

आणि काळ्या मातीचे एक वेगळेच आहे. ओली असताना ती पाण्याने सुटते, वाळली की विटेसारखी बसते. तिथे दाब वाढवत नेण्यापेक्षा आधी पाणी मारून दहा मिनिटे भिजत ठेवणे स्वस्त पडते. भिजेपर्यंत दुसरे अवजार धुवायला घ्यावे. ग्रीस आणि ऑइलला मात्र थंड पाणी दाद देत नाही. गरम पाण्याचे जेट यंत्र युरोपात पहिल्यांदा १९५० साली जर्मनीच्या आल्फ्रेड केर्शर यांनी आणले, ते याच कारणाने. पण त्याला बर्नर लागतो, वजन आणि डिझेल दोन्ही वाढते. सुरुवातीला डिग्रीझर आणि ब्रश पुरे.

सगळ्यात लहान आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे नोझल. टोकाचे छिद्र जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे. पंप पाणी तेवढेच देतो. छिद्र रुंदावले की दाब पडतो, आणि थोडाथोडका नाही. व्यास दहा टक्के वाढला तर दाब एक तृतीयांशाने घटतो, दीडशेचा शंभरवर येतो. गाळाचे पाणी हे झिजवण्याचे काम इमानाने करते. गिऱ्हाईक म्हणते पंप थकला, मेकॅनिक म्हणतो सील बदला, आणि दोष असतो त्या पितळी बोंडात. रंगही ओळखून ठेवावेत. लाल म्हणजे सरळ सुईसारखी धार, पिवळा पंधरा अंश, हिरवा पंचवीस, पांढरा चाळीस, काळा साबणाचा. रोजच्या कामाला हिरवा आणि पांढरा. लाल नोझल रंग उडवतो, टायर चिरतो. ती धार बोटाला लागली तर कातडीच्या आत पाणी घुसते. वरून टाचणीएवढे छिद्र दिसते, आत मात्र मोठी इजा असते. अशा वेळी हळद लावून घरी बसू नये, थेट सर्जनकडे जावे.

दुसरा कळीचा भाग अनलोडर व्हॉल्व्ह. ट्रिगर सोडल्यावर पाणी जाणार कुठे? व्हॉल्व्ह ते परत फिरवतो. स्वस्त जोडणीत ते पंपातल्या पंपातच गरगरते आणि काही मिनिटांत तापून सील खराब करते. माणूस गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस करत असतो आणि मागे पंप भाजत असतो. परतीची नळी टाकीत सोडावी. तीही पंपाला पाणी जाते त्याच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे बुडबुडे पंपात शिरत नाहीत. टाकीचा तळ पंपापेक्षा वर असावा. पंपाला पाणी खाली उतरून मिळाले पाहिजे, ओढावे लागता कामा नये.

मांडणीत एक गोष्ट मला अनेक गाड्यांवर चुकलेली दिसते. पाइपाची रीळ उजव्या अंगाला बसवतात, कारण ड्रायव्हर त्या बाजूने उतरतो. आपण गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावतो. मग पाइप सोडणारा माणूस धावत्या रहदारीत पाठ करून उभा राहतो. रीळ मागे किंवा डावीकडे हवी. इंजिन मागच्या फाळक्याजवळ, धुराडे बाहेर तोंड करून. बंद शेडमध्ये इंजिन नेऊ नये, पन्नास मीटर पाइप घ्यावा आणि गाडी बाहेर ठेवावी. पेट्रोलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

कुठे जेट मारायचा नाही, हेही ठरलेले असावे. हार्वेस्टरच्या रेडिएटरची नाजूक पाती जवळून मारलेल्या धारेने आडवी होतात आणि इंजिन तापू लागते. तिथे लांबून, पांढरा नोझल, आतून बाहेर. बेअरिंगमधले ग्रीस धुऊन निघाले तर नंतर ग्रीसगन मारून द्यावी. सौर पंपाच्या पॅनेलवर जेट नकोच. पहाटे, थंड काचेवर, मऊ ब्रश आणि हलके पाणी. आणि गावातले जुने हेमाडपंती मंदिर कुणी भक्तिभावाने ‘चकाचक’ करायला सांगितले तर हात जोडून नाही म्हणावे. सांध्यांतला भराव आणि झिजलेले नक्षीकाम धारेपुढे टिकत नाही.

कागदांचे थोडक्यात. टाकी-पंप गाडीला वेल्डिंगने कायम जोडला तर तो कायद्याच्या कलम ५२ खालचा बदल ठरू शकतो. वाशीमच्या आरटीओत आधी विचारावे. नटबोल्टचा, उचलून ठेवता येणारा सांगाडा करणे त्यापेक्षा शहाणपणाचे. सोयाबीन उपबाजारात न्यायची वेळ आली की सांगाडा उतरवला, पिकअप मोकळी. विमा कंपनीलाही बसवलेले सामान लेखी कळवावे. सेवाधंद्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. मुद्रा योजनेत ‘किशोर’ गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळते. टाकी, पंप, पाइप एवढ्याला ते पुरावे. तेलकट पाणी नाल्यात किंवा विहिरीच्या उताराला सोडू नये, त्यावरून गावात वैर होते.

माझे मत विचाराल तर गाडीसाठी कर्ज काढू नका. घरात किंवा भावकीत पिकअप असेल तर तीच घ्या. पाचशे लिटरची आडवी टाकी आणि सात-आठ एचपीचा जेट सांगाड्यावर बसवा आणि सोंगणी ते दसरा एवढा एक हंगाम हार्वेस्टर आणि हडंब्यांच्या मागे काढा. रोज किती लिटर पाणी, किती पेट्रोल आणि किती पैसे, हे तीन आकडे वहीत लिहा. नवी गाडी घ्यायची की नाही, ते दिवाळीत वही उघडून ठरवा.